भुंकणाऱ्या कुत्र्याचा दोषी कोण? मुंबईची १८३२ ची दंगल आणि आर्वीची गल्ली

१/ शेजाऱ्याचा कुत्रा रात्रभर भुंकतो आणि साऱ्या गल्लीची झोप मोडते. दोष कोणाचा? आर्वीसारख्या गावात हा ओट्यावरच्या भांडणाचा विषय वाटतो. परंतु कुत्र्यांच्या उपद्रवाचा बंदोबस्त कसा करावा, या प्रश्नावरून १८३२ साली मुंबईत लष्कर रस्त्यावर आणावे लागले होते. कायद्याने या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे दिली. ती पाहू.

२/ पहिले उत्तर : दोषी कुत्राच.
कंपनी सरकारच्या मुंबईत मोकाट कुत्रे मारण्याचा नियम १८१३ पासून होता. वर्षातील ठरावीक दिवसांतच ही मोहीम चाले. १८३२ साली तिची मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवण्यात आली. प्रत्येक मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. पैशाच्या लोभाने शिपाई मोकाट आणि पाळीव हा भेद विसरले. लोकांच्या आवारात शिरून कुत्रे मारल्याच्या तक्रारी होऊ लागल्या.

३/ हा घाव सर्वांत खोल बसला तो पारशी समाजाला. जरथुष्ट्री धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. ‘सगदीद’ या अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पाडली जाते. दारातला कुत्रा मारणे म्हणजे घराच्या उंबरठ्यावर आणि धर्मावर एकाच वेळी घाला घालणे होते.

४/ ६ जून १८३२ रोजी कोट भागात पारशी जमावाने कुत्रे मारणाऱ्या पोलिसांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला. दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या लष्करी छावणीची रसद अडली. पारशांना हिंदू, जैन आणि इस्मायली व्यापाऱ्यांचीही साथ मिळाली. अखेर सैन्य बोलावून धरपकड करावी लागली.

५/ बंदुकीने रस्ते शांत झाले. प्रश्न मात्र सुटला नाही. पुढे मध्यस्थीतून वाट निघाली : कुत्रे मारण्याऐवजी ते शहराबाहेर हलवावेत. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. मोकाट जनावरांना तेथे आसरा मिळाला.

६/ तेव्हा आर्वीवर कंपनीचा अंमल नव्हता. तो प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले. १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता लागू झाली आणि वऱ्हाडालगतच्या या कापसाच्या मुलखातही एक नवे उत्तर आले.

७/ दुसरे उत्तर : दोषी मालक.
कलम २८९ ने ताब्यातील जनावरापासून इतरांच्या जिवाला धोका होऊ नये, याची काळजी घेण्याचे दायित्व मालकावर टाकले. कलम २६८ ने ‘सार्वजनिक उपद्रवा’ची व्याख्या केली : परिसरातील सर्वसाधारण लोकांना त्रास होईल असे वर्तन. मेख येथेच आहे. साऱ्या वस्तीची झोप उडाली तर तो सार्वजनिक उपद्रव ठरू शकतो. त्रास एकाच शेजाऱ्याला असेल, तर तो दिवाणी न्यायालयाचा विषय.

८/ १९२६ मध्ये अहमदाबादच्या गिरणीमालकाने साठ कुत्रे मारवल्यावर मोठा वाद पेटला. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लेखमाला लिहून सांगितले की, मोकाट कुत्र्यांपुढे तुकडा टाकणे म्हणजे दया नव्हे, कुत्रा पाळावा तर त्याचा पूर्ण भार उचलावा. हेच गांधीजी दहा वर्षांनी, १९३६ साली, आर्वीच्याच वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामी राहावयास आले.

९/ तिसरे उत्तर : कुत्रा भुंकतो का, हे आधी विचारा.
१९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ ने अवाजवी आखूड वा जड साखळीने जनावर दीर्घकाळ बांधून ठेवणे गुन्हा ठरवले. सदैव बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे, हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. अहोरात्र बांधलेला, एकटा पडलेला कुत्रा भुंकणारच. म्हणजे शेजाऱ्याची झोपमोड आणि कुत्र्याचे हाल यांचे मूळ पुष्कळदा एकच असते.

१०/ १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या कलम २७० मध्ये आली आणि जनावराबाबतचा निष्काळजीपणा कलम २९१ मध्ये. आकडे बदलले, तत्त्व तेच राहिले.

११/ १८३२ मध्ये सरकारने आठ आण्यांत प्रश्न मिटवू पाहिला आणि शहर पेटले. त्यानंतरच्या कायद्याने कुत्र्याकडे रोखलेले बोट मालकाकडे वळवले आणि मग मालकाला कुत्र्याकडे पाहायला लावले. म्हणून आज आर्वीच्या गल्लीतही शेजाऱ्याचे दार ठोठावताना “तुमचा कुत्रा गप्प करा” यापेक्षा “तो दिवसभर बांधलेला असतो का?” हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. तेवढ्याने भागले नाही, तर साऱ्या गल्लीने मिळून केलेल्या तक्रारीला कायद्यात जागा आहे. काठी किंवा विष उचलणाऱ्याला मात्र तो गुन्हेगारच मानतो.