हिरव्या रंगाखालचा अ‍ॅक्सल

भंगारातला मागचा अ‍ॅक्सल हा आज आपला इतिहासाचा विषय. हसू नका.

१९८०च्या दशकात अमेरिकी लष्कराने शेव्रोलेच्या बाजारातल्याच गाड्या थोडे बदल करून घेतल्या. त्यांना 'सीयूसीव्ही' म्हणत. पुढे त्या लिलावात निघाल्या आणि दगडाधोंड्यांतून ट्रक चालवणाऱ्या तिथल्या हौशींनी त्यांचे अ‍ॅक्सल काढून आपल्या ट्रकना बसवले. पण कोणत्या गाडीचे? एम१००८ पिकअपला मागे '१४ बोल्ट' होता: साडेदहा इंची क्राउन व्हील, ४.५६ रेशो, फुल फ्लोटिंग. म्हणजे वजन हबमार्गे अ‍ॅक्सलच्या नळीवर, हाफ शाफ्टने फक्त चाक फिरवायचं. त्याच हिरव्या रंगाच्या एम१००९ला मात्र सेमी फ्लोटिंग '१० बोल्ट', रेशो ३.०८. तिथे वजनही शाफ्टवरच. तो चुकीच्या जागी तुटला, तर चाक निघून जातं.

एकदा घाटात आमच्या थ्री टनरचा हाफ शाफ्ट तुटला. मागे दरी, गाडीत अठरा जवान. चाक जागेवर राहिलं. ड्रायव्हरने तुकडे ओढून काढले, पुढच्या अ‍ॅक्सलवर गाडी रांगत वर आणली.

म्हणून नुसतं 'मिलिटरीचा माल' ऐकून पैसे देऊ नका. फौजी असून सांगतोय. कव्हर उघडायला लावा. तेलात लोखंडाचा चुरा किंवा शाफ्टच्या स्प्लाइनला पीळ दिसला, तर सोडून द्या. पुढच्या अ‍ॅक्सलचा रेशोही तोच हवा. पाटीवर विसंबू नका, दात मोजा: क्राउनचे ४१, पिनियनचे ९, तर ४.५६.