कुरवंडे : दोन उतारांचे गाव

तुकारामांच्या गाथेचा तास चालू होता. वह्या इंद्रायणीत बुडवल्याची आणि त्या तरल्याची कथा सांगून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, ही नदी येते कुठून? आमच्यापैकी जे त्या वेळी वर्गात होते त्यांनी 'सह्याद्रीतून' असे उत्तर दिले आणि तास पुढे नेला. उत्तर चूक नव्हते. पण ते उत्तरही नव्हते. ज्या नदीच्या काठी १२९६ साली ज्ञानदेवांनी समाधी घेतली आणि जिच्या डोहाशी तुकारामांची सगळी कथा बांधलेली आहे, ती नदी आम्ही वीस-वीस वर्षे शिकवत होतो, आणि आमची इंद्रायणी देहूच्या घाटापाशी एकदम सुरू होत होती.

शोध फार करावा लागला नाही. १८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरात तिचा उगम स्पष्ट नोंदलेला आहे : लोणावळ्याच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या ऐन कण्यावर, कुरवंडे घाटाच्या माथ्यावरचे कुरवंडे गाव. नाव वाचताच आम्ही एकमेकांकडे पाहिले. कुरवंडे हे नाव आम्हांला ठाऊक होते, पण ते दुसऱ्याच एका तासातले, म्हणजे 'शिवभारता'तल्या उंबरखिंडीच्या प्रकरणातले. वारकरी परंपरेची नदी आणि शिवकालातली एक विलक्षण लढाई यांची वाट एकाच गावच्या शिवेवर फुटते, हे दोन्ही विषय शिकवणाऱ्या आम्हां माणसांना ठाऊक नसावे, याची थोडी लाज वाटली. मग एका फेब्रुवारीत आम्ही तिघे तिकडे गेलो.

फेब्रुवारी मुद्दाम निवडला. पावसाळ्यात त्या रस्त्याला जाणे म्हणजे मोटारींच्या रांगेत बसून धुके पाहणे. लोणावळ्याहून कुरवंड्याकडे जाणारा रस्ता आधी भुशीच्या अंगाने जातो. ते धरण मुळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरावे म्हणून बांधलेले; आता जुलै-ऑगस्टात त्याच्या पायऱ्यांवर माणसे मावत नाहीत. जून २०२४ मध्ये धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, तरी पुढच्या रविवारी गर्दी होतीच. भुशी मागे पडली की आय. एन. एस. शिवाजी लागते. नौदलाच्या अभियंत्यांना घडवणारी ही संस्था १९४५ पासून, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर, भातखाचरांच्या शेजारी उभी आहे. महाराजांचे नाव तिला दिले ते आरमाराच्या आठवणीने. पण दोन कोसांवर त्यांची एक थोर डोंगरी लढाई घडली होती, हे नाव देणाऱ्यांच्या मनात होते की नव्हते, कोण जाणे. असो.

पुढे कुरवंडे. गाव मावळातल्या इतर गावांसारखे. भात कापून गेलेली खाचरे, पेंढ्याच्या उडव्या, नवी सिमेंटची घरे, त्यांच्या मागे जुनी कौलारू, आणि अलीकडच्या काळात डोंगरकडेला उगवलेले बंगले. गावावर छाया धरून नागफणीचा कडा. इंग्रजांनी त्याला ड्यूकचे नाक म्हटले. हा ड्यूक म्हणजे वेलिंग्टनचा, ज्याने तो ड्यूक होण्याआधी, आर्थर वेलस्ली असताना, याच मुलखात मराठ्यांविरुद्ध सैन्य चालवले. एकाच खडकात एका भाषेला नागाचा फणा दिसतो आणि दुसरीला सेनापतीचे नाक, यावर भाषाविज्ञानाचा एक तास सहज घेता येईल. माथ्यावर महादेवाचे लहानसे देऊळ आहे. हवा स्वच्छ होती. उत्तरेला दरीपलीकडे राजमाचीचे जोडबालेकिल्ले, तळात खोपोलीचा पट्टा, आणि सगळीकडे वाळलेल्या गवताचा पिवळेपणा. मधूनच पानगळलेल्या काटेसावरीचा लाल ठिपका.

तिथे बसून गो. नी. दांडेकरांची आठवण होणे अपरिहार्य होते. राजमाची त्यांनी 'माचीवरला बुधा'त नेली. इथून दक्षिणेला असलेले पवनेचे खोरे 'पवनाकाठचा धोंडी'त नेले. ते राहत तळेगावला, म्हणजे इंद्रायणीच्याच खोऱ्यात, आणि 'मोगरा फुलला'मधून ज्ञानदेवांपर्यंतही गेले. राजमाची आणि पवनामावळ यांच्या मधले कुरवंडे मात्र ललित साहित्यात आम्हांला कुठे भेटले नाही. पवनेला कादंबरी मिळाली, इंद्रायणीला संत मिळाले. तिच्या उगमाला गॅझेटियरातली एक ओळ.

उगम पाहायचा म्हणून गावातल्या एका आजोबांना विचारले. त्यांनी काठीने खाचराकडे दाखवले. आम्हांला बांध दिसला, कोरडी घळ दिसली, तळाशी भेगाळलेला चिखल दिसला. 'हीच', आजोबा म्हणाले. आम्हांला वाटले होते, निदान एखादे गोमुख, कुंड, झुळझुळ असे काही असेल. मराठी कवितेने उगमाची जी चित्रे मनात घातली आहेत त्यांतले काहीतरी. सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात माघ महिन्यात ओहोळ कोरडा असतो, ही साधी गोष्ट आमच्या पुस्तकी भूगोलात बसत नव्हती. सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी धरत नाही. पाऊस पडतो आणि निघून जातो.

आणि जे अडते तेही सरळ आळंदीला जात नाही. लोणावळ्याखाली वलवणला इंद्रायणी अडवलेली आहे. लोणावळे, वलवण आणि शिरोता या तलावांचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडायचे, ही टाटांची योजना १९१५ साली सुरू झाली. तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. वीज करून झालेले पाणी पाताळगंगेत पडते आणि अरबी समुद्राला मिळते. म्हणजे देहू, आळंदी आणि तुळापूरवरून भीमेकडे, तिच्याबरोबर पंढरीकडे जाणाऱ्या पाण्याचा एक वाटा शंभराहून अधिक वर्षे उलट्या दिशेने डोंगर उतरतो आहे. याच योजनांच्या पुढच्या टप्प्याविरुद्ध १९२१ पासून मुळशीत सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. त्याचा इतिहास आम्ही शिकवतो. वलवणला मात्र त्या काळात असा सत्याग्रह झाला नाही, आणि झाला नाही म्हणून बहुधा ते पाणी आमच्या अभ्यासक्रमात आले नाही. आळंदीला वारीच्या सुमारास नदीवर फेस आला की वर्तमानपत्रांतून छायाचित्रे येतात, हळहळ होते. ती हळहळ खरीच आहे. पण नदीची कथा तिथे सुरू होत नाही.

हा पूर्वेचा उतार. पश्चिमेचा उतार गावाबाहेर एकाएकी सुरू होतो. जमीन संपते आणि पायवाट कड्याच्या घळीत शिरते. हाच कुरवंडे घाट. खाली रायगड जिल्ह्यातल्या चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या खोऱ्यात, उंबरखिंड आहे.

प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. १६६० साली शायिस्तेखान पुण्यात उतरला, चाकणचा किल्ला त्याने घेतला, आणि मग कोकण काबीज करण्यासाठी कारतलबखान या उझबेक सरदाराला मोठे सैन्य देऊन पाठवले. त्याच्यासोबत माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घरातली रायबागन होती. हे सैन्य मावळ ओलांडून याच घाटाने खाली उतरले, असे सामान्यतः मानले जाते. वर चढण्याची आणि खाली सुटण्याची अशा दोन्ही वाटा मराठ्यांनी बंद केल्या, आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी, थोड्या माणसांनिशी, महाराजांनी खानाला शरण आणले.

आम्ही ही लढाई आजवर 'गनिमी कावा' या शीर्षकाखाली शिकवली. दगड, बाण, कडे, अरुंद वाट, सगळे खरे. परंतु कवींद्र परमानंदाचा मजकूर उघडला तर (१९२७ साली स. म. दिवेकरांनी तो मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केला) असे दिसते की कवीचा जीव शस्त्रांच्या खणखणाटात तितकासा नाही. तो दोन गोष्टींपाशी रेंगाळतो. एक, तिथे वारा नाही. दुसरी, पाणी नाही. खानाचा दूत शिवाजी महाराजांपुढे येऊन अभय मागतो तेव्हा शहाजीराजांशी असलेली जुनी ओळख सांगतो, आणि कित्येक प्रहर पाणी मिळाले नाही हेही सांगतो. आम्ही हे वाचत होतो आणि पोटाशी मात्र धरत नव्हतो. लोणावळ्याच्या पायथ्याशी तहान? वर्गात हा तपशील कवीची अतिशयोक्ती म्हणून आम्ही सोडून देत असू.

घाट उतरायला लागून तासाभरात आमचे मत बदलले. तिघांत मिळून पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, आणि हा निष्काळजीपणा कुणाचा यावर पहिल्या वळणावर थोडा वादही झाला. घळीत शिरताच वारा बंद पडला. दोन्ही बाजूंना कारवीच्या वाळक्या काड्या, पायाखाली सुटे दगड. पुढचा माणूस थांबला की मागच्याने थांबायचे, बाजूला होण्याची सोय नाही. तिघांची ही अवस्था, तर हजारोंची, घोड्यांची, सामानाची काय झाली असेल? वाट अशी की मागचा माणूस पुढच्याच्या मदतीला येऊ शकत नाही. त्याचा धक्का तेवढा पोचतो. माघातल्या कोरड्या ओहोळातून जाताना परमानंदाची तहान आम्हांला प्रथमच पटली. ती अलंकार नव्हे, नोंद आहे. ज्याला ही वाट माघात माहीत होती, त्यानेच ती कवीला सांगितली असणार.

आणि मग रायबागन. लोकप्रिय आवृत्त्यांत तिला एक वाक्य मिळते : शरण जा, असा सल्ला. परमानंदाने तिला एक संपूर्ण भाषण दिले आहे, आणि ते शत्रूपक्षातल्या स्त्रीला, आपल्या नायकाच्या विजयाच्या प्रसंगात! ती खानाला धीर देत नाही, दोष देते : सिंहाच्या वनात सैन्य घेऊन शिरलास, ही पहिली चूक. तुझे सैनिक चित्रातल्यासारखे खिळून उभे आहेत. आता मानापमान सोड, स्वतःला आणि आम्हां सर्वांना मृत्यूच्या फासातून सोडव. भूमी कोणाची, हे त्या खिंडीत फक्त तिला कळले आहे. अर्थात यात नायकाची स्तुती शत्रूच्या तोंडून वदवण्याची जुनी काव्ययुक्ती आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण युक्ती म्हणून बाजूला सारले की जे उरते तेही पाहावे. लढाईचा निकाल इथे तलवारीने नव्हे, एका बाईच्या नेमक्या वाचनाने लागतो.

फ्रेंच साहित्यात ७७८ सालच्या रोन्सव्हो खिंडीतल्या पराभवावर रोलांचे काव्य उभे राहिले. तिथे हरलेल्यांनी आपले गाणे रचले, आणि त्यात हल्ला करणारे बास्क डोंगरी लोक नाहीसे होऊन त्यांच्या जागी मुसलमान सैन्य आले. काव्याने भूमी ठेवली, माणसे बदलली. परमानंदाने तसे केले नाही. तो जिंकणाऱ्यांचा कवी. पण हरणाऱ्यांना त्याने नावे ठेवली, बोलते केले, तहानेसकट. महाराजांनीही सामान ठेवून घेऊन माणसे जाऊ दिली. आमच्या पिढीने ही लढाई शिकवताना नेमके हेच गाळले आणि दगड तेवढे ठेवले. याचा दोष पाठ्यपुस्तकांवर ढकलता येईल, पण मूळ ग्रंथ आमच्याच कपाटात होता.

खाली उतरायला आम्हांला दोन तासांऐवजी साडेतीन लागले. उंबरखिंडीजवळ आता लढाईचे स्मारक आहे. शेजारी अंबा नदी गोट्यांच्या पसाऱ्यात निपचित पडलेली, कुठे कुठे डोह. हीच नदी जुलै १९८९ मध्ये अशी फुगली की थोडे पुढे, सुधागड तालुक्यातले जांभुळपाडा तिने उद्ध्वस्त केले. गोट्यांकडे पाहून ते खरे वाटत नव्हते, जसे वरच्या कोरड्या घळीकडे पाहून इंद्रायणी खरी वाटली नव्हती.

चावणीत पहिल्याच घराच्या ओट्यावर बसलो. एका आजींनी न मागता हंड्यातून तांब्या भरून आणला. 'कुठनं आलासा?' आम्ही म्हणालो, वरून, कुरवंड्याहून. त्यांचा चेहरा उजळला. कुरवंडे त्यांचे माहेर. लग्न झाल्यावर कितीतरी वर्षे त्या याच घाटाने माहेरपणाला जात, कडेवर पोर घेऊन, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला वर. आमच्या साडेतीन तासांचा आकडा आम्ही त्यांना सांगितला नाही.

'वरच्या वढ्याला पानी हाय का अजून?' त्यांनी विचारले.

नाही, आम्ही म्हणालो. आजींनी मान हलवली, आणि तांब्या पुन्हा भरायला आत गेल्या.