फ्रेंचमध्ये बीए: शाळेत फ्रेंच नसलं तरी करता येतं का?

शहागड हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं, गोदाकाठचं गाव. अशा गावात बारावी झालेल्या मुलामुलींना फ्रेंच घ्यावंसं वाटलं, तर पहिली शंका हीच येते: शाळेत फ्रेंच नव्हतंच, मग पदवी कशी होणार?

होऊ शकते. फक्त विद्यापीठ पाहून निवडावं लागतं.

शून्यापासून सुरुवात कुठे?

दिल्लीतलं जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ इथे बीए (ऑनर्स) फ्रेंच मुळाक्षरांपासून शिकवतात. २०२२ पासून दोन्हीकडचे पदवी प्रवेश सीयूईटी परीक्षेतून होतात. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, पण फ्रेंचसाठी कोणते पेपर लागतील ते विद्यापीठ ठरवतं. त्यामुळे अर्ज भरण्याआधी माहितीपत्रक वाचावं. हैदराबादच्या इफ्लू विद्यापीठातही फ्रेंचची पदवी आहे.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथे प्रमाणपत्र, पदविका अशा पायऱ्या आहेत आणि पुढे एमएही आहे.

क्लास आणि पदवीत फरक काय?

क्लासमध्ये मुख्यतः बोलणं, ऐकणं, वाचणं, लिहिणं शिकवतात. त्याची पातळी मोजणाऱ्या परीक्षा म्हणजे डेल्फ (ए१ ते बी२) आणि डाल्फ (सी१, सी२). या परीक्षांना पदवीचे विद्यार्थीही बसतात.

पदवीत सुरुवातीचा बराच काळ भाषेतच जातो. मग साहित्य, इतिहास, समाज आणि अनुवाद येतात. साहित्य फक्त फ्रान्सचं नसतं. सेनेगलचे सेंगोर आणि मार्टिनिकचे सेझेर हेही फ्रेंचमध्येच लिहिणारे कवी.

मराठी येत असेल तर काय सोपं जातं?

• निर्जीव वस्तूला लिंग असणं मराठी माणसाला नवं नाही. आपल्याकडे तीन लिंगं, फ्रेंचमध्ये दोनच.
• 'तू' आणि 'तुम्ही'सारखे 'त्यू' आणि 'व्हू' आहेत.
• 'आंबा खाल्ला', पण 'पोळी खाल्ली': इथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. फ्रेंच भूतकाळातही कर्म आधी आलं की बहुतेकदा असाच बदल होतो.
• फ्रान्समध्ये ऐंशीला 'चार वीस' म्हणतात. जुनी माणसं 'चार विसा' म्हणत, तसंच.

अवघड जातात ते उच्चार. शब्दाच्या शेवटची अनेक अक्षरं लिहितात, पण उच्चारत नाहीत.

मराठीशी नातं

देवलांच्या 'संशयकल्लोळ' नाटकाचं मूळ मोलियेरच्या फ्रेंच प्रहसनात आहे, पण ते मराठीत इंग्रजीमार्गे आलं. उलट दिशेनेही काम झालं आहे. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाचा मराठीच्या जडणघडणीवरचा ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसमध्ये निघाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला. इंग्रजीचा टेकू न घेता फ्रेंच आणि मराठीत थेट ये-जा करता येणं, ही या पदवीची मोठी कमाई.

पुढे काय?

अनुवाद, अध्यापन, पर्यटन आणि फ्रेंच ग्राहक असलेल्या कंपन्या हे नेहमीचे मार्ग. शाळेत शिकवायचं तर सहसा बीएड लागतं. नुसत्या पदवीवर नोकरी पक्की होत नाही. नोकरी देणारे भाषेची पातळी विचारतात, म्हणून शिकतानाच निदान बी२ गाठलेलं बरं. घरापासून लांब तीन वर्षं राहायचं असल्याने वसतिगृह आणि शिष्यवृत्तीची चौकशीही प्रवेशाआधीच करावी.