ध्वनितीव्रतेचे संपीडन व प्रसरण

ध्वनीच्या अत्यंत क्षीण व अत्यंत तीव्र पातळ्यांमधील अंतर (तीव्रता-पल्ला) कमी करण्याच्या क्रियेस संपीडन व ते वाढविण्याच्या क्रियेस प्रसरण म्हणतात. वाद्यवृंदाचा पल्ला चुंबकीय फितीच्या पल्ल्याहून मोठा असल्याने क्षीण स्वर फितीच्या खरखरीत बुडत, तर तीव्र स्वर विकृत होत. १९३०–४० या दशकात अटलांटिकपार रेडिओ-दूरध्वनीत प्रेषणापूर्वी संपीडन व ग्रहणानंतर प्रसरण करणारी ‘कॉम्पँडर’ प्रयुक्ती वापरात आली. रे डॉल्बी (१९३३–२०१३) हे १९६३–६५ मध्ये युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. त्यानंतर लंडनमध्ये त्यांनी हेच तत्त्व ध्वनिमुद्रणास लावले. त्यांच्या ‘ए’ पद्धतीत ध्वनीचे चार कंप्रता-पट्टे करून फक्त क्षीण संकेत मुद्रणाच्या वेळी वाढवीत व पुनरुत्पादनाच्या वेळी तितकेच घटवीत. त्यामुळे खरखर सु. १० डेसिबलांनी कमी होई.

१९८२ मध्ये विक्रीस आलेल्या संहत तबकडीचा सैद्धांतिक पल्ला सु. ९६ डेसिबल आहे. तरीही १९९० नंतर गीते अधिक मोठ्याने ऐकू यावीत म्हणून त्यांचे अतिरिक्त संपीडन होऊ लागले. ठराविक प्रमाणातील संपीडन प्रसरणाने उलटविता येते. परंतु छाटली गेलेली स्वरशिखरे पूर्ववत होत नाहीत. २०१० मध्ये यूरोपीय प्रसारण संघाने सरासरी श्राव्य-तीव्रतेचे मानक सुचविले. त्यामुळे अशा संपीडनाचा प्रसारणातील लाभ बराच घटला.