ओरखडा, मालक आणि रंगारी : इचलकरंजीतील वाहनरंगाचा इतिहास

पंचगंगेच्या काठी, हातकणंगले तालुक्यात वसलेल्या इचलकरंजीची ओळख यंत्रमागांचे शहर अशी आहे. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या कारकिर्दीत, १९०४ साली, विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढच्या काळात हे जहागिरीचे गाव कापडाची मोठी पेठ बनले. १८९१ मध्ये सुरू झालेला मिरज–कोल्हापूर लोहमार्ग मात्र हातकणंगल्यावरून गेला, इचलकरंजीत आला नाही. त्यामुळे सुताची बाचकी आणणे आणि कापडाच्या गाठी बाहेर पाठवणे ही कामे आधी बैलगाडीने व पुढे मालमोटारीने रस्त्यावरूनच होत राहिली. ज्या शहराचा धंदा चाकांवर चालतो, तेथे वाहनाची निगा हाही धंद्याचाच भाग ठरतो, आणि गाडीवर उठलेला ओरखडा मालकाने स्वतः काढावा की रंगाऱ्याकडे सोपवावा, हा प्रश्न तेथे रोजच्या व्यवहाराचा होतो. या प्रश्नाचे उत्तर काळागणिक बदलत गेले, आणि ते बदलण्यास मालकाची हौस किंवा ऐपत यांपेक्षा रंगाचे रसायन अधिक कारणीभूत झाले.

बैलगाडी आणि टांगा यांच्या काळात रंगाचा पाया जवसाचे तेल हा होता. उकळून घेतलेल्या या तेलात, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात, गेरू किंवा काजळी घोटून रंग तयार करीत. लोखंडी भागाला गंज लागू नये म्हणून आधी शेंदराचा हात देत. आणि लाकडातील चिरा बुजवण्यासाठी खडूची पूड तेलात मळून केलेली लांबी, म्हणजे भरावाचा लगदा, वापरीत. हे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते, त्यामुळे एकेक हात वाळण्यास काही दिवस लागत. परंतु संथपणे वाळणाऱ्या रंगात कुंचल्याच्या रेघा आपोआप सपाट होत असल्याने साधारण हाताचे कामही खपून जाई. परदेशांतील पहिल्या मोटारीसुद्धा घोडागाड्यांच्याच पद्धतीने, कुंचल्याने आणि रोगणाचे अनेक थर चढवून रंगवल्या जात व त्यात कित्येक आठवडे मोडत. या काळात रंगारी आणि मालक यांच्यातील अंतर कौशल्याचे होते, साधनांचे नव्हते: कुंचला, तेल आणि रंगाची पूड दोघांनाही सारखीच उपलब्ध होती.

हे अंतर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वाढले. १९२३ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीने ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे रसायनांनी प्रक्रिया केलेल्या कापसाच्या तंतूपासून बनवलेला, रंग बाजारात आणला. त्यातील द्रावक उडून गेला की थर काही मिनिटांत वाळे, आणि त्यामुळे आठवड्यांचे काम तासांवर आले. पण इतक्या झपाट्याने वाळणारा रंग कुंचल्याने नीट पसरत नसल्याने हवेच्या दाबावर चालणारी फवारणीची बंदूक अपरिहार्य झाली. त्याच सुमारास या कामाची आणखी दोन साधने आली. १९२१ मध्ये थ्री-एम कंपनीने पाण्यात भिजवून वापरता येणारा घासकागद काढला, ज्याला आपल्याकडील गॅरेजमध्ये वॉटर पेपर म्हणतात. आणि १९२५ मध्ये त्याच कंपनीतील रिचर्ड ड्रू याने मोटारींवर दोन रंगांची सीमा सरळ राखताना कारागिरांची होणारी ओढाताण पाहून चिकटपट्टी तयार केली. ड्यूको हे नाव भारतातील रंगाऱ्यांच्या बोलीत इतके रुळले की आज लाकडी कपाटाच्या तुकतुकीत रंगालाही तेच नाव दिले जाते. कॉम्प्रेसर आणि बंदूक आल्यापासून संपूर्ण गाडी रंगवणे हे मालकाच्या आवाक्याबाहेर गेले. मात्र लहान ओरखडा त्याच्या हातात राहिला, कारण हा रंग वाळल्यावरही थिनरमध्ये पुन्हा विरघळतो. नवा थर जुन्यात मुरतो, आणि कापडावर रबिंग कंपाऊंड, म्हणजे अतिबारीक घर्षक कणांचा मलम, घेऊन चोळल्यास चमक परत येते.

स्वातंत्र्योत्तर काळात इचलकरंजी परिसरात यंत्रमाग वाढले, सूतगिरण्या आल्या, आणि रत्नाप्पा कुंभार यांच्या पुढाकाराने पंचगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सूत, कापड आणि ऊस या तिन्हींची ने-आण करणाऱ्या ट्रक, टेम्पो व ट्रॉल्यांवर इनॅमल हा टिकाऊ, स्वस्त आणि कुंचल्यानेही लावता येणारा रंग वापरला जाई. अशा वाहनांना ओरखडे पडणे हे ठरलेलेच असते: सायझिंगमध्ये खळ देऊन भरलेले वजनदार बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचे रूळ, टेम्पोतून मागाच्या शेडपर्यंत नेताना त्यांची लोखंडी कड फाळक्याला लागते आणि पत्रा उघडा पडतो. तेथे इनॅमलचा एक हात मारणे हे चालक किंवा क्लीनर यांचेच काम असे, आणि खंडेनवमीला वाहनाची पूजा करण्यापूर्वी गाडी धुऊन असे डाग बुजवण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. संपूर्ण रंगकाम मात्र पासिंगच्या, म्हणजे परिवहन कार्यालयातील योग्यता तपासणीच्या, वेळी कारागिराकडून करून घेतले जाई. रंगाला कायद्याचीही बाजू होती: १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी नॅशनल परमिटच्या ट्रकसाठी वाळक्या पानासारखा तपकिरी रंग आणि पांढरी किनार ठरवून दिली होती.

१९८३ मध्ये मारुती मोटार रस्त्यावर आल्यानंतरच्या दशकांत खासगी गाड्यांचा रंग मुळातूनच बदलला. आजच्या मोटारीचा पत्रा आधी विद्युतप्रवाह वाहणाऱ्या रंगाच्या कुंडात बुडवून गंजरोधक थर घेतो. त्यावर प्रायमर, त्यावर मूळ रंगाचा अत्यंत पातळ थर आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे रंगहीन पारदर्शक कवच, असते. हे चारही थर मिळून सुमारे १०० ते १२० मायक्रॉन भरतात, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा थोडेसेच अधिक, आणि त्यांतील पारदर्शक कवच साधारण ४० मायक्रॉनचे असते. कारखान्यात हा रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. तयार गाडीतील प्लास्टिक व रबर हे तापमान सोसू शकत नाहीत, म्हणून दुरुस्तीच्या वेळी हार्डनर मिसळलेला द्विघटकी रंग वापरावा लागतो. या हार्डनरमधील आयसोसायनेट नावाची द्रव्ये फवाऱ्यातून श्वासात गेल्यास दमा जडू शकतो. घराच्या अंगणात अशी फवारणी करणे त्यामुळे केवळ अवघडच नाही, तर घातकही आहे.

तरीही मालकाचा वाटा या नव्या रंगाने पूर्णपणे काढून घेतलेला नाही. त्याने तो नेमका आखून दिला आहे. ओरखड्यावर पाणी टाकले असता तो दिसेनासा होत असेल आणि त्यावरून आडवे नख फिरवताना ते अडत नसेल, तर इजा पारदर्शक कवचापुरती असते. अशा वेळी भाग स्वच्छ धुऊन, २००० क्रमांकाचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवायचा, निघणारे पाणी पांढरट आहे ना हे पाहत राहायचे, आणि मग आधी कंपाऊंड व नंतर पॉलिश मऊ कापडाने चोळायचे, एवढीच कृती असते. पाण्यात गाडीचा रंग उतरू लागला, तर कवच संपले असे समजून हात तत्काळ थांबवावा लागतो. पत्र्याच्या कडांवर आणि घडीवर थर सर्वांत पातळ असल्याने तेथे घासणे टाळावे लागते. शिवाय एकदा घासलेले कवच पुन्हा वाढत नाही, म्हणून हा उपाय एकाच जागी वारंवार करता येत नाही.

नख अडले किंवा पत्रा दिसू लागला की काम कारागिराचे होते. येथे दोन व्यवसायांतील फरक लक्षात घ्यावा लागतो. अलीकडे शहरोशहरी दिसणारा डिटेलर कवचाच्या थरातच काम करतो: यंत्राच्या चकतीने पॉलिश करणे आणि त्यावर संरक्षक लेप देणे हे त्याचे क्षेत्र असते. डेंटिंग-पेंटिंगवाला त्याखालच्या थरांत उतरतो. तो जखमेच्या कडा घासून उतरत्या करतो, प्रायमर देतो, खोलगट भागात लांबी भरतो आणि गाडीवरील पट्टीवरचा रंगसंकेत पाहून रंग मिसळतो. पण संकेत जुळला तरी उन्हाने उडालेला जुना रंग जुळेलच असे नसते, म्हणून त्याला डोळ्याने मॅचिंग करावे लागते. चंदेरी किंवा मेटॅलिक छटेत धातूचे कण कसे आडवे बसतात, हे बंदुकीचा दाब, अंतर आणि हाताचा वेग यांवर अवलंबून असते. म्हणून जाणता रंगारी नवी छटा शेजारच्या भागात विरवत नेतो आणि पारदर्शक थर संपूर्ण दारावर देतो. मागाच्या शेडमध्ये तुटलेला धागा कामगार स्वतः सांधतो, मात्र मागाची जुळणी बिघडली की जॉबरलाच, म्हणजे माग जुळवणाऱ्या कारागिरालाच, बोलावतो. वाहनरंगातील श्रमविभागणी याच न्यायाने चालते.

या श्रमाची दखल विम्याच्या नियमांतही सापडते. भारतीय मोटार विम्याच्या प्रचलित अटींनुसार रंगकामाचे बिल एकत्रित असल्यास त्यापैकी केवळ २५ टक्के रक्कम ही रंगसामग्रीची किंमत मानली जाते आणि घसाऱ्याची ५० टक्के कपात तेवढ्यावरच होते; उरलेले तीन चतुर्थांश मोल हाताचे, हे त्यातून मान्य झालेले आहे. त्याचबरोबर वर्षभर दावा न केल्यास पुढील हप्त्यात २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत जाणारी सवलत मिळत असल्याने, किरकोळ ओरखड्यासाठी दावा करणे बहुधा तोट्याचेच ठरते.

तेलरंगापासून द्विघटकी रंगापर्यंतच्या या वाटचालीतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. कवचापुरता ओरखडा मालकाने स्वतः काढण्यात काटकसर आहे आणि आपल्या वाहनाची ओळखही आहे. कवचाखाली गेलेली जखम घरी उरकण्यात खिशाचे आणि वाहनाचे, दोन्हींचे नुकसान आहे, कारण उघड्या पत्र्यावर नुसता रंग फासला की त्याखाली गंज वाढत राहतो. रंगाऱ्याकडे गेल्यावर मालकाने केवळ दर विचारू नये. फवारणीच्या वेळी तो आणि त्याच्या हाताखालची पोरे योग्य मुखवटा वापरतात का, हेही विचारावे, आणि त्यापायी चार पैसे जास्त पडले तर ते आनंदाने द्यावेत. गाडीवरची चमक ज्यांच्या श्वासावर बेतू शकते, त्यांच्या आरोग्याची किंमत रंगकामाच्या बिलात धरली गेलीच पाहिजे.