टिंबांतून साकारलेली देवनागरी

1980च्या दशकात डॉट मॅट्रिक्स मुद्रक कार्यालयांत रुळले. पण त्यांच्या स्मृतीत देवनागरी सहसा नसे. एप्सन पद्धतीच्या नऊ सुयांच्या मुद्रकास 27 या संकेतामागोमाग आज्ञाक्षर व स्तंभसंख्या देताच तो चित्र उमटवू लागे. प्रत्येक संख्या म्हणजे आठ टिंबांचा उभा स्तंभ : 128ची सलग माळ म्हणजे शिरोरेषा, 255 म्हणजे काना. ‘सिद्ध’मधील वेलांटी व जोडाक्षर सुबकपणे आठ टिंबांत मावेनात, म्हणून कागद किंचित सरकवून एका ओळीसाठी दोन-तीन फेऱ्या होत. आयआयटी कानपूर येथे उगम पावलेल्या व पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेल्या जिस्ट तंत्राने हे कार्य सुकर केले. 1991 मध्ये इस्की ही संकेतावली भारतीय मानक ठरली. सुलतानपूरसारख्या गावीही श्रावकाचे नाव स्वलिपीत शुद्ध छापले जावे, यासाठी हा खटाटोप होता. ज्ञानभांडारे जपणाऱ्या समाजास अक्षरशुद्धीचे मोल वेगळे सांगणे नलगे.