फिर्यादीची खुर्ची : सुखात्मे ते नूतन

न्यायालयीन कथेत प्रेक्षकांची सहानुभूती सहसा बचाव पक्षाच्या वकिलाकडे जाते. सरकारी वकील हे केवळ विरोधाचे टोक असते. अमेरिकेत १९९० साली सुरू झालेल्या ‘लॉ अँड ऑर्डर’ या दूरचित्रवाणी मालिकेने ही प्रथा मोडली. तिच्यातील जॅक मकॉय हा सरकारी वकील शिक्षेच्या ध्यासापायी नियमांच्या सीमेपर्यंत जातो आणि त्या ध्यासाचे ओझेही वाहतो. मराठीतील फिर्यादी वकिलाची परंपरा मात्र निराळी आहे. येथे नैतिक गुंतागुंत त्याच्या मनातील संघर्षातून निर्माण होत नाही. संघर्षाच्या अभावातून निर्माण होते.

या परंपरेतील पहिली ठळक व्यक्तिरेखा म्हणजे विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातील सुखात्मे. ‘रंगायन’ने १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगभूमीवर आणले, १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. सुखात्मे हा न चाललेला वकील. खऱ्या न्यायालयात त्याला कोणी विचारीत नाही. लुटुपुटूच्या खटल्यात मात्र त्याच्या वाणीला धार येते. लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो तो वेळ घालविण्यासाठी. सामंत नावाचा भाबडा गावकरी एका कादंबरीतील मजकूर साक्ष म्हणून सांगतो, आणि खेळाचे रूपांतर शिकारीत होते. फिर्यादी आणि बचाव ही दोन्ही कामे सुखात्मेच करतो. परंतु आरोपीच्या वतीने बोलण्यासारखे त्याच्यापाशी फारसे काही नसते. स्वतःच्या पराभवाचा सूड तो एका एकाकी स्त्रीवर उगवतो, आणि तेही धर्म, मातृत्व व समाजहित यांच्या नावाने.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटातील नूतन हिच्या वागण्यात असा सूड नाही. गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेली ही सरकारी वकील कोणाचा द्वेष करीत नाही. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिराच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा तिचा दावा आहे. ती कायद्याची कलमे एकसुरी आवाजात वाचते, लोकलने परतते, मुलाला घेऊन घरी जाते, स्वयंपाक करते. सुटीच्या दिवशी कुटुंबासह नाटक पाहते. परप्रांतीयांची टर उडविणाऱ्या त्या नाटकाला प्रेक्षागृह हसून दाद देते. कांबळेला वीस वर्षांची शिक्षा ठोठावून प्रकरण एकदाचे संपवावे, असे ती सहकाऱ्यांशी बोलताना सहज म्हणून जाते. त्या वाक्यात क्रौर्य नाही, केवळ कंटाळा आहे. आणि म्हणूनच ते अधिक भयंकर वाटते.

त्या कामगाराची विधवा न्यायालयात साक्ष देते, तेव्हा त्याचे जगणे उघड होते. त्याला संरक्षक साधने मिळत नसत. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. संरक्षक साधनांविना कामगाराला गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. म्हणजे आरोपी कोण, हा प्रश्न साक्षीतूनच उभा राहतो. नूतन तो विचारीत नाही, कारण तिच्या कागदांत तो नसतो.

सरकारी वकिलाचे कर्तव्य शिक्षा मिळविणे नव्हे, तर न्यायास साहाय्य करणे होय, असे विधिशास्त्र मानते. हे कर्तव्य सुखात्मे अहंकारापोटी विसरतो, तर नूतन सवयीपोटी. तेंडुलकरांच्या नाटकात खेळ न्यायालय होतो. ताम्हाणे यांच्या चित्रपटात न्यायालय दिनक्रम होते. या दोन कृतींमधील सुमारे अर्धशतकाच्या काळात फिर्यादीची खुर्ची ओळखीच्या, सभ्य माणसाकडे आली. सुखात्मेला पाहताना प्रेक्षक त्याच्यापासून स्वतःला वेगळे मानू शकतो. नूतनच्या बाबतीत ती सोय राहत नाही. तिच्यासह नाटकाला हसणाऱ्या त्या प्रेक्षागृहात आपलीही एक जागा राखलेली असते.